नागदेवी स्ट्रीटवरचा डायल गेज: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी नागदेवी स्ट्रीटवरून टायरची हवा मोजण्याचा एक डायल गेज साडेआठशे रुपयांना आणला आणि तेव्हापासून माझ्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलची हवा दर रविवारी सकाळी त्यानेच तपासत आलो आहे. अडीच इंची तबकडी, शून्य ते साठ पौंडांपर्यंतचे आकडे, फूटभर रबरी नळी, नळीच्या टोकाला पितळी तोंड आणि तबकडीच्या मानेशी हवा सोडण्याचे एक बारीक बटण, एवढाच हा ऐवज आहे. (पौंड म्हणजे पीएसआय, दर चौरस इंचावर इतके पौंड दाब. पंक्चरवाले आणि जुने मोटारसायकलवाले आजही पौंडच म्हणतात आणि पुढे मीही तोच शब्द वापरला आहे.) तबकडीवर कोणत्याही नामांकित कंपनीचे नाव नाही, त्यामुळे नाव सांगून हा गेज कुणाला मागता येणार नाही. मात्र असा गेज काय पाहून घ्यावा आणि घेतल्यावर कसा वापरावा, हे वर्षभराच्या अनुभवावरून सांगता येईल.

हा खर्च करण्याची वेळ पेट्रोल पंपांनी आणली. माझ्या गाडीच्या चेन-कव्हरवरील स्टिकरवर पुढच्या टायरसाठी 25, एकट्याने चालवताना मागच्या टायरसाठी 28 आणि मागे कोणी बसणार असेल तर 32 पौंड असे आकडे दिलेले आहेत. पंपावर हवा फुकट मिळते, आणि ती तशी मिळावी असा तेल कंपन्यांचा पंपचालकांसाठी नियमच आहे. पण फुकट मिळणारी हवा मोजून मिळेलच असे नाही. हवेच्या यंत्राजवळचा मुलगा गाडी नीट उभी राहण्याआधीच "आगे तीस, पीछे पैंतीस?" असे विचारतो आणि आपण आपले आकडे सांगितले की "इतना कम?" म्हणून आपल्याकडेच संशयाने पाहतो. त्याआधीच्या पावसाळ्यात अशीच पंपावर हवा भरून मुलुंडहून फोर्टकडे निघालो असताना, पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या आसपास ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताच मागचे चाक हातभर बाजूला सरकले. पडलो नाही, परंतु फोर्टात पोहोचताच पहिल्या दिसलेल्या पंक्चरवाल्याकडे मोजले तेव्हा मागे 38 पौंड हवा निघाली. टायर तापलेला होता म्हणून तीन पौंड वजा धरले तरी 35 उरतात. मग लक्षात आले की पंपाच्या आकड्यावर जसा विश्वास ठेवण्याला आधार नाही, तसाच या पंक्चरवाल्याच्या गेजवर ठेवण्यालाही नाही.

म्हणून गेज हाती आल्यावर पहिल्या पंधरवड्यात मी घरापासून कार्यालयापर्यंतच्या वाटेवरील चार पंपांची यंत्रे तपासली. यंत्रावर 28 लावायचे, यंत्राने शिट्टी दिली की नळी काढायची आणि त्याच टायरवर लगेच माझा गेज लावायचा, अशी पद्धत ठेवली. टायर गरम असो वा गार, दोन्ही मापे एकाच मिनिटातली असल्यामुळे या तुलनेत तापमानाचा प्रश्न येत नाही. एका यंत्राचे माप माझ्या गेजशी अर्ध्या पौंडाच्या आत जुळले, दोन यंत्रांनी 31 आणि 33 भरली आणि चौथ्याने 24 वरच शिट्टी दिली. या चौथ्या यंत्राचा दोष आतल्या मापाचा नसावा. त्याच्या नळीचे तोंड इतके झिजलेले होते की व्हॉल्व्हची पिन पुरती दाबलीच जात नव्हती, आणि अशा वेळी यंत्र टायरमधली हवा न मोजता आपल्याच नळीतली मोजते. तिथल्याच नळीचे तोंड मी सहज तळहातावर दाबून पाहिले तर हात ओला झाला. मुंबईच्या दमट हवेतले पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचते आणि ते रोजच्या रोज काढले नाही की हवेबरोबर गिऱ्हाइकाच्या टायरमध्ये जाते. लोखंडी रिमच्या गाडीला हे चांगले नाही.

तीन-चार पौंडांनी काय बिघडते, असे मला अनेकांनी विचारले आहे. टायर रस्त्याला टेकतो तो भाग केवढा असतो, याचा ढोबळ हिशेब कुणालाही करता येतो. मागच्या चाकावर स्वारासह 110 किलो भार आहे आणि टायरमध्ये 28 पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास दोन किलो दाब आहे असे धरले, तर टेकणारा भाग 55 चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो. बोटे सोडून उरलेल्या तळहाताएवढाही तो नाही. हवा 35 केली की तोच 45 वर येतो. टायरच्या बाजूंचा स्वतःचा ताठरपणा धरला तर हा हिशेब तंतोतंत राहत नाही, पण कल कळण्यापुरता पुरेसा आहे. उलट हवा कमी असली तर टायरच्या बाजू दर फेऱ्याला अधिक वाकतात, त्यामुळे टायर तापतो, कडेने झिजतो, वळताना हँडल जड लागते आणि खड्ड्याची धार थेट रिमवर बसते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये तर कमी हवेमुळे टायर आणि ट्यूब रिमवरून किंचित सरकतात आणि व्हॉल्व्हची दांडी तिरकी होते. रिमच्या भोकातून सरळ बाहेर यायला हवी ती दांडी एका बाजूला झुकलेली दिसली, तर ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटण्याच्या बेतात आहे असे समजावे.

आता खरेदीविषयी. मसजिद स्थानकातून पश्चिमेला उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेल्यास पंप, बेअरिंग, पाइपांचे सांधे, पाने आणि गेज विकणारी दुकाने ओळीने लागतात. गाडीच्या सजावटीच्या दुकानात मिळणारे गेज आकर्षक वेष्टनात असतात, पण तिथे ते उघडून पाहू देत नाहीत. नागदेवीला दुकानदाराने माझ्यासमोर पाच गेज काढून ठेवले आणि मी काही विचारण्याआधी त्यानेच त्यांतले दोन बाजूला सारले. त्याचे कारण मला नवे होते. त्या दोन गेजमध्ये शून्यापाशी काट्याला अडवणारी एक बारीक खुंटी होती. गेज आदळून बिघडला आणि त्याचा काटा शून्याच्या खाली जाऊ लागला, तरी तो त्या खुंटीला टेकून शून्यावरच उभा दिसतो आणि बिघाड झाकला जातो. ज्या गेजचा काटा कशालाही न टेकता शून्यावर येऊन थांबतो, त्याचे बिघडणे निदान डोळ्यांना दिसते. साडेआठशे रुपयांच्या व्यवहारात दुकानदाराने दिलेली ही माहिती मला गेजइतकीच मोलाची वाटते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे तबकडीचा पल्ला. माझ्या गेजवर 1.6 हा वर्ग छापलेला आहे आणि त्याचा अर्थ असा की चूक पूर्ण पल्ल्याच्या 1.6 टक्क्यांपर्यंत असू शकते. लक्षात घ्यायचे ते हे की टक्के पूर्ण पल्ल्याचे आहेत, आपण मोजत असलेल्या आकड्याचे नव्हेत. साठ पौंडांच्या तबकडीवर ही चूक एक पौंडापर्यंत जाते, तर त्याच वर्गाच्या 160 पौंडांच्या तबकडीवर अडीच पौंडांच्याही पुढे जाते. ट्रक, मोटार आणि सायकल सगळ्यांना चालणारा गेज घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा. मोटारसायकलचे आकडे 25 ते 36 यांच्यातले असतात, ते साठच्या तबकडीवर बरोबर मधोमध येतात, आणि अशा गेजचे माप दोन्ही टोकांपेक्षा मधल्या भागात अधिक भरवशाचे असते. दुकानात ग्लिसरीन भरलेला चकचकीत गेजही होता. सतत थरथरणाऱ्या यंत्रावर कायम बसवायच्या गेजमध्ये काटा स्थिर राहावा म्हणून ग्लिसरीन भरतात. हातात धरून अर्धा मिनिट वापरायच्या गेजला त्याचा उपयोग नाही आणि बंद डबीतले ते द्रव उन्हात तापून फुगले तर माप चुकण्याचीच भीती असते.

या गेजच्या आत बॅटरी नाही, सेन्सर नाही. फक्त एक वळवलेली, चपटी पितळी नळी आहे. तिचे एक टोक बंद असते, दुसऱ्या टोकाने हवा आत शिरली की चपटी नळी गोल होऊ पाहते आणि तसे होताना तिचे वळण किंचित उलगडते. उलगडण्याची ही बारीकशी हालचाल दातेरी चक्रांनी वाढवून काट्यापर्यंत नेलेली असते. यूजीन बूर्दाँ या फ्रेंच तंत्रज्ञाने 1849 साली हिचे पेटंट घेतले आणि कारखान्यांतील बॉयलरपासून माझ्या गाडीच्या डिकीपर्यंत आजही तीच युक्ती चालते. या नळीला एकच गोष्ट मानवत नाही, ती म्हणजे आदळणे. म्हणून गेजच्या तबकडीभोवती रबराचे जाड कडे असते. माझ्या गेजवर ते आहे, पण सैल आहे, आणि दोनदा निघून आले तेव्हा मी ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधून टाकले.

गेजच्या खरेपणाची परीक्षा मला घरी करता आली नसती. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काम करतात. तिथे गेज तपासण्याचे डेडवेट टेस्टर आहे. ठाऊक असलेल्या क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठाऊक असलेली वजने ठेवून त्यात दाब निर्माण करतात, त्यामुळे त्याच्या आकड्याविषयी शंका राहत नाही. वरिष्ठांची परवानगी घेऊन त्यांनी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझी चार उपकरणे त्यावर लावली. डायल गेज 20 ते 40 पौंडांच्या टप्प्यात सर्वत्र अर्धा पौंड जास्त दाखवीत होता, चढतानाही आणि उतरतानाही. माझ्याकडचा डिजिटल गेज दशांशापर्यंत आकडे दाखवतो, पण खऱ्या 28 ला तो 29.2 सांगत होता. पेनासारखा दिसणारा स्प्रिंगचा गेज खऱ्या 28 ला एकदा 25 आणि दुसऱ्यांदा 27 दाखवून गप्प बसला. बॅटरीवर चालणारा हवा भरण्याचा छोटा पंप 28 म्हणत असे तेव्हा खरी हवा 27 असे. वाहनांच्या टायर-गेजसाठी ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय मापन संघटनेची आर 23 ही शिफारस आहे आणि तीत 4 बारपर्यंतच्या दाबाला 0.08 बार, म्हणजे सव्वा पौंडाहून थोडी कमी, इतकी चूक क्षम्य धरली आहे. त्या मोजपट्टीवर डायल गेज आरामात बसतो, पंपही बसतो, डिजिटल अगदी काठावर आहे आणि पेनाच्या गेजविषयी बोलायला नको.

"आकडा चुकला तरी चालेल, पण रोज तेवढाच चुकला पाहिजे," असे ते गृहस्थ म्हणाले आणि गेजच्या तबकडीमागे 'अर्धा वजा' अशी चिठ्ठी चिकटवून दिली. डिजिटल गेजही दर वेळी सारखाच चुकत होता, त्यामुळे त्याच्यावरही अशी चिठ्ठी लावून काम चालले असते. पेनाच्या गेजला मात्र कोणती चिठ्ठी लावणार? त्यातला स्प्रिंगवर सरकणारा दट्ट्या धूळ आणि गंज यांच्या लहरीवर चालतो. घरी एकाच टायरवर तो ओळीने दहा वेळा लावला तेव्हा तीन पौंडांच्या फरकाचे आकडे आले. डायल गेजचे दहाही आकडे अर्ध्या पौंडाच्या आत राहिले. त्यातही शेवटचे काही आकडे थोडे खाली होते ते गेजमुळे नव्हे, तर वीस वेळा तोंड लावता-काढताना खरोखरच हवा निसटली होती म्हणून.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो. फूटभर नळीत भरायला टायरमधली बरीच हवा जाते, म्हणून नळीचा गेज घेऊ नये, असे मला सांगण्यात आले होते. पाच मिलिमीटर पोकळीच्या फूटभर नळीत सहा मिलिलिटर हवा मावते आणि माझ्या टायरची पोकळी सहा लिटर धरली, तर 28 पौंडांतले तीन शतांश पौंडही त्यात खर्ची पडत नाहीत. हवा जाते ती तोंड तिरके लावल्यामुळे होणाऱ्या फुसफुशीत. गेज सरळ आणि एका दमात दाबावा, काढतानाही तसाच झटक्यात काढावा.

माझा रविवारचा क्रम आता ठरून गेला आहे. गाडी शनिवारी रात्रीपासून इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यामुळे टायर पुरते गार झालेले असतात. स्टिकरवरचे आकडे गार टायरचे आहेत. निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा टायर गार समजावा. एक-दोन किलोमीटर चालवली असेल तर फारसे बिघडत नाही, पण त्याहून जास्त नको. बंद पोकळीतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो आणि 28 पौंडांच्या आसपास हा हिशेब दर दहा अंश सेल्सियसला साधारण 1.4 पौंड असा पडतो. मुलुंड ते फोर्ट गेल्यावर माझ्या मागच्या टायरमध्ये 28 ची 31 होते. ती पाहून हवा सोडण्याची चूक मी पूर्वी करीत असे, आणि मग रात्री टायर गार झाला की हवा 25 वर उतरलेली असे. ऊन हीसुद्धा अशीच फसवी गोष्ट आहे. एप्रिलमध्ये एकदा गाडी कुंपणाच्या भिंतीलगत अशी उभी होती की पुढचे चाक उन्हात आणि मागचे सावलीत. दिवसभर न हललेल्या गाडीचा पुढचा टायर सकाळपेक्षा दोन पौंड वर गेला आणि मागचा जवळपास जागेवर राहिला. म्हणून सकाळी, उन्हे येण्याआधी, हीच मोजण्याची वेळ.

व्हॉल्व्हची टोपी काढल्यावर आधी पिनेवर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहतो. पंक्चरवाल्यांची ही पद्धत ओंगळ वाटली तरी इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही. ज्यांना नको त्यांनी साबणाचे पाणी घ्यावे. मग बॅटरीच्या पंपाने मुद्दाम दोन पौंड जास्त, म्हणजे मागे 30 च्या वर भरतो, पाच मिनिटे थांबतो आणि गेज लावून तबकडीवर टिचकी मारतो. थांबण्याचे कारण असे की दाबली गेलेली हवा पंपातून गरम होऊन येते. पंपाचे पितळी तोंड हाताला चटका देण्याइतके तापते, त्यावरून आतल्या हवेची कल्पना यावी. मग गेज न काढता बटणाने थोडी थोडी हवा सोडत काटा साडेअठ्ठावीसवर आणतो, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे बरोबर 28. बटण दाबलेले असताना काटा खरे माप दाखवत नाही, तो खाली ओढला जातो. बोट उचलल्यावर जिथे येऊन थांबेल तो आकडा खरा. सुरुवातीचे काही रविवार हे न कळल्यामुळे मी बटण दाबून धरत काटा 28 ला आणीत असे आणि बोट उचलले की तो 30 वर उडी मारी. आता दोन-तीन टिचक्यांत काम होते. हे बटण नसते तर मी हा गेज घेतला नसता. पंपाने नेमका आकडा गाठणे अवघड आहे, वरून खाली उतरणे सोपे आहे.

गेजच्या उणिवाही सांगायला हव्यात. त्याचे पितळी तोंड सरळ आहे आणि माझ्या मागच्या चाकात एका बाजूला चेनचे दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूला डिस्क अशी अडचण असल्यामुळे ते व्हॉल्व्हवर सरळ बसत नाही. काटकोनातला पितळी जोड साठ रुपयांना मिळतो. मी तो मोजण्यापुरता लावतो आणि लगेच काढतो, कारण तो कायम लावून ठेवला तर फिरत्या चाकात त्याचे वजन व्हॉल्व्हच्या रबरी दांडीला ओढत राहते. तबकडीवरच्या रेघा एकेका पौंडाच्या आहेत, अर्धा पौंड अंदाजाने वाचावा लागतो आणि त्यासाठी डोळा काट्याच्या बरोबर समोर आणावा लागतो. म्हणजे दर रविवारी मागच्या चाकाशी मांडी घालून बसणे आले. पार्किंगमधल्या अर्धवट उजेडात आकडे दिसत नाहीत. मी मोबाईलचा दिवा दातांत धरतो. आणि जुलैत काचेच्या आत बाष्प धरले ते सप्टेंबरपर्यंत हटले नाही. त्या तीन महिन्यांत गेज तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला, त्याने तांदळाला पितळेचा वास लागला आणि घरात बोलणी खावी लागली.

नायट्रोजनविषयी दोन शब्द. पंपांवर तो पैसे घेऊन भरतात, आणि टायर गरम झाला तरी त्याचा दाब वाढत नाही असे सांगतात. ते खरे नाही. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारखाच वाढतो. तो कोरडा असतो एवढा फायदा मान्य आहे. पण कोरडा वायू चुकीच्या गेजने 33 पौंड भरला तर तोही 33 पौंडच. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसवायचे, हवेचा आकडा हँडलवर दाखवणारे सेन्सरही मी काही दिवस वापरले. चालत्या गाडीत अचानक हवा जाऊ लागली तर ते उपयोगाचे आहेत, पण पावसाळ्यातल्या एका आठवड्यात एक सेन्सर आत पाणी जाऊन बंद पडला आणि मी दुसराही काढून ठेवला.

घाटावर जाणाऱ्यांसाठी एक निरीक्षण. गेल्या डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो तेव्हा गेज बरोबर होता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे आणि तितक्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब दोन पौंडांहून थोडा अधिक कमी होतो. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबांतला फरक मोजतो, त्यामुळे टायरला हात न लावताही आकडा तेवढाच वर जायला हवा. परंतु तिथे पहाटे मुंबईपेक्षा चांगले बारा-चौदा अंश जास्त गार होते आणि त्याने जवळपास तितकीच घट केली. हॉटेलच्या अंगणात सकाळी सातला गेज लावला तर मागे 28.5, म्हणजे मुलुंडहून निघताना होता तोच आकडा. दुपारी मात्र तो वर गेला आणि मी त्याच्या नादी लागलो नाही.

मार्चमध्ये पितळी तोंडातला रबरी वॉशर कडक होऊन चिरला आणि मोजताना हवा जाऊ लागली. नागदेवीला त्याच दुकानात गेलो, दुकानदाराने गेज ओळखला, जुना वॉशर टाचणीने काढून नवा बसवला आणि आणखी दोन वॉशर कागदाच्या पुडीत बांधून दिले. तिन्हींचे मिळून वीस रुपये घेतले. मागे चिकटवलेली चिठ्ठी वाचून त्याने आपल्या कपाटातला दुसरा गेज माझ्या गेजबरोबर एकाच नळीला जोडला, थोडी हवा सोडून दोन्ही काटे पाहिले आणि म्हणाला, "अर्धाच आहे अजून."